पाचव्या पायरीची जांभळी

उकंडराव,

आज सकाळी गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर पत्रीची पुडी होती. पळसाच्या पानांत गुंडाळलेली, केळीच्या सोपटाने बांधलेली, गेली तीस वर्षे असे तशीच. गाठ मात्र एकच होती. तुम्ही दोन मारीत असा. एक देवासाठी आणि एक वाऱ्यासाठी, असे तुमचे म्हणणे. तुमची लेक शांता एक मारते. पुडी तेवढ्यानेही सुटलेली नव्हती.

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. मृताला उद्देशून जे बोलायचे ते मंत्रांतून बोलून होते, त्यानंतर जिवंताने त्याला हाक मारून त्याच्या वाटेत अडथळा आणू नये, असे आमच्या वडिलांनी मला शिकविले आणि मी आयुष्यभर इतरांना सांगितले. आज मीच तो नियम मोडून लिहावयास बसलो आहे. तुम्ही आठ वर्षे माझ्याकडे एका प्रश्नाचे उत्तर मागत होतात. ते मी तुम्हांला दिले नाही. आता देण्याचा उपयोग तुम्हांला आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही ते मी बोलत नाही, हे माझे वाक्य तुम्हांला पाठ होते.

तुमच्या नावावरून आपली ओळख सुरू झाली, हे तुम्हांला आठवत असेल. मी नागपूरच्या पाठशाळेतून वडिलांच्या जागी महादेवाच्या पूजेला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही फुलांची पाटी घेऊन उभे राहिलात. मी नाव विचारले. नव्या पंडिताच्या आढ्यतेने म्हणालो, "हे काय नाव?" तुम्ही पाटी खाली ठेवलीत. "महाराज, माह्या आधीचे तिघं गेले. मायनं मले जलमल्या जलमल्या उकिरड्यावर ठेवलं, म्हने यमाले वाटन कचरा हाये, उचलनार नाई. नाई उचललं. मंग नाव वाईट कसं?" तुमचे बरोबर होते. पुढेही पुष्कळदा बरोबर असे. परंतु ते कबूल करण्याची सवय मला लागली नाही.

नदीकाठची तुमची वाडी मी देवळाच्या ओट्यावरून रोज पाहत असे. झेंडूचे वाफे, मोगऱ्याची कुंपणापर्यंत गेलेली रांग, कडेला वांगी आणि कोथिंबीर, तुमचा सांबार. त्याच्या खाली धाम नदीचा काळा खडक, आणि खडकाच्या भेगांतून उगवलेली ती झुडपे. गावात त्यांना नदीची जांभळी म्हणत. पुरुषभर उंचीची, बुंध्यापासूनच अनेक फांद्यांची, पाने कण्हेरीसारखी निमुळती पण मऊ. पावसाळ्यात पूर आला की सगळे झुडूप पाण्याखाली आडवे होई. पाणी ओसरले की अंगावरचा गाळ, काटक्या, चिंध्या घेऊन पुन्हा हळूहळू उभे राही. चैत्रात त्यावर पांढऱ्या तंतूंचे झुपके येत आणि सकाळच्या अभिषेकाच्या वेळी मधासारखा वास गाभाऱ्यापर्यंत पोचे. मी तो वास अनेक वर्षे घेतला. तो कशाचा, हे विचारले नाही. मला वाटे, तुमचा मोगरा असेल.

आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे कलशावर पाच पल्लव ठेवतात: आंबा, कवठ, बेल, महाळुंग आणि जांभूळ. अन्यत्र वड, पिंपळ घेतात. त्याबद्दल माझा वाद नाही. पाचही आणून देणे तुमच्याकडे होते. जांभूळ पलीकडच्या तीरावर, मालगुजाराच्या मळ्यात होते. तो प्रचंड वृक्ष मी अलीकडून कधी शेंडा म्हणून, कधी सावली म्हणून पाहिला असेन. त्याच्याखाली मी कधी उभा राहिलो नाही. जांभूळ म्हणजे माझ्या लेखी कलशाच्या पाचव्या जागेचे पान, आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोणी द्रोणातून आणून दिलेले फळ. श्लोकांतले जांभूळ मला अधिक परिचयाचे होते.

एका श्रावणात पहाटे नदी भरून आली आणि मालगुजाराचे जांभूळ मुळासकट गेले; मला ते तेव्हा कळलेही नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार, देवळात लघुरुद्र होता. तुम्ही पल्लव आणलेत. नेहमीसारखी पाच. मी त्यांतले एक उचलून म्हणालो, "यंदा पान बारीक दिसते."

"पावसाचं पान हाये महाराज. बारकंच येते."

"पावसात पान बारीक येते?"

"ज्याचं त्याचं." इतके बोलून तुम्ही झेंडूच्या माळा सोडवावयास लागलात.

मी ते पान कलशावर ठेवले. त्यानंतर सात वर्षे ठेवीत आलो. सात वर्षांचे लघुरुद्र, वास्तुशांती, मौंजी, आणि गावातली निदान चाळीस लग्ने. त्यांत तुमच्या शांतेचेही.

शांतेच्या लग्नाचा मांडव मला स्पष्ट आठवतो. आपल्याकडे मांडवावर जांभळाचे डहाळे टाकतात. तुम्ही एवढे डहाळे टाकले होते की आत हिरवा अंधार झाला होता आणि वैशाखाच्या दुपारीही गारवा होता. मंगलाष्टके म्हणताना वरून काहीतरी पांढरे, बारीक, अखंड गळत होते. नवरीच्या मळवटावर, नवऱ्याच्या मुंडावळ्यांवर, माझ्या पोथीच्या उघड्या पानावर. मला वाटले, कोणी अक्षता आधीच टाकू लागले. मी रागाने वर पाहिले. तुम्ही हसत होता. "महाराज, थे त झाडच टाकून राह्यलं. त्याले काय मुहूर्त समजते?" वऱ्हाडी हसले, मीही हसलो, आणि पुढचे अष्टक म्हटले. पोथीत ते पांढरे तंतू आजही आहेत. वाळून तपकिरी झाले आहेत.

त्या दिवसांत तुम्ही मला एकदा विचारले होते. मी संध्येचा संकल्प करीत होतो आणि तुम्ही ओट्याखाली पाटी रिकामी करीत होता. "महाराज, रोज तुमी जंबूद्वीप, जंबूद्वीप म्हंता. म्हंजे जांभळाचं बेट ना?"

"होय. आपण सगळे त्याच द्वीपात राहतो."

"मंग त्या बेटात आमच्या बारक्या जांभळीले जागा हाये का नाई?"

मी संकल्प अर्धवट ठेवून हसलो. द्वीपाच्या मध्यावर जो महावृक्ष सांगितला आहे त्याची उंची, त्याच्या फळांचा आकार, त्याच्या रसाची नदी, हे सगळे तुम्हांला ऐकविले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत. शेवटी म्हणालात, "थे मोठ्याचं झालं. मी बारक्याचं इचारलं होतं." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेलात. तो प्रश्न थट्टेचा नव्हता, हे मला तीन-चार वर्षांनी समजले.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने देवळापुढे घाट बांधावयास घेतला. दगड आला, सिमेंट आले, वर्ध्याहून मिस्त्री आला. पायऱ्यांच्या आखणीत तुमच्या वाडीखालचे सर्वांत मोठे झुडूप बरोबर मध्ये येत होते. सकाळी पायाभरणीची पूजा मी केली. दुपारी ओट्यावर सगळे बसले असता सरपंचांनी मला विचारले. माणूस सरळ होता. त्यांना पाप नको होते, एवढेच.

"महाराज, हे झाड देवाचं हाये का, तेवढं सांगा. देवाचं असन त पायऱ्या वळवू, नसन त काढू."

तुम्ही खांबाला टेकून उभे होता. मी काही बोलण्याच्या आत तुम्ही पुढे आलात. "महाराज, थे जांभूळच हाये. तुमी एक शबुद बोला, वाचते बिचारं."

"उकंडराव, हे काटेरी रान नव्हे, हे मीही पाहतो. परंतु पूजेतले जांभूळ ते हे नव्हे."

"तुमचं काय जाते बोलाले?"

"जे मला ठाऊक नाही ते मी देवाच्या दारात बोलत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग तुमची दृष्टी माझ्या पाठीमागे गाभाऱ्याकडे गेली, तेथून पुन्हा माझ्याकडे आली, आणि तुम्ही म्हणालात, "ठीक हाये. महाराज म्हंतात त नसन." इतकेच. उपरणे खांद्यावर टाकून तुम्ही वाडीत उतरलात. मिस्त्रीच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत झुडूप तोडले आणि बुंधा ठेचून त्यावर दगड बसविला.

मी समाधानात होतो, हे मला लिहिलेच पाहिजे. एका वृक्षाच्या मोहाने मी असत्य बोललो नाही, असे मी त्या रात्री माझ्या पत्नीस सांगितले. ती म्हणाली, "बोलला असता तर सावली राहिली असती." मी तिलाही शास्त्र सांगितले.

त्याच वर्षी श्रावणी सोमवारी पुडी उघडली तेव्हा पल्लव चारच होते.

"जांभूळ?"

"नाई महाराज."

"का? मालगुजाराच्या मळ्यात—"

"थे त पडलं. सात वर्स झाले." तुम्ही ओट्याची खालची पायरी सोडून वर आला नव्हता. "पुरात गेलं. दुसरं जांभूळ दोन कोसावर, मधात नदी. मी म्हनलं एक दिवस चालवू. तुमी काई बोलले नाई. मंग दुसऱ्या दिवशी चालवलं. मंग चालतच राह्यलं."

"काय चालविले?"

"नदीचं पान. जे तुमी तोडाले सांगतलं थे."

मी पुडी खाली ठेवली. त्या उन्हाळ्यातली पायाभरणीची सकाळ मला दिसली. ज्या झुडपाला दुपारी मी सर्वांसमक्ष 'हे ते नव्हे' म्हणालो, त्याचेच पान सकाळी माझ्या हाताने, माझ्या तोंडच्या मंत्राने कलशाच्या पाचव्या जागी होते. खांबाला टेकून तुम्ही गाभाऱ्याकडे पाहिलेत ते त्या कलशाकडे. तेव्हा एक वाक्य तुम्ही बोलला असता तर झुडूप वाचले असते आणि माझी विद्वत्ता सबंध गावापुढे उघडी पडली असती. तुम्हांला ते झाड किती प्रिय होते हे मला ठाऊक होते. तुमच्या वाडीची माती पावसाळ्यात त्याच्या मुळांनीच धरून ठेवली होती. तरी तुम्ही 'महाराज म्हंतात त नसन' म्हणालात.

याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मी विचारले, "सात वर्षे मला फसविलेत?" त्या दिवशी मला सुचलेले हे पहिले वाक्य होते. त्याची लाज मला त्या क्षणी वाटली नाही. आज वाटते.

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही ज्यासाठी आला होता ते वेगळेच होते. शांता त्याच महिन्यात सासरहून, जामहून, परत आली होती. तिच्या नवऱ्याचे जामच्या चौकात चहाचे दुकान होते. त्याने दुसरे घर केले होते आणि ते लपविण्याचे कष्टही तो आता घेत नव्हता. तुम्ही पायरीवर हात ठेवून म्हणालात, "महाराज, एकच इचारतो. तिच्या लग्नाच्या कलशात मी खोटं पान ठेवलं. मांडवातही थेच. म्हनून माह्या पोरीचं खोटं झालं का?"

हा तो प्रश्न. तुम्ही तो विचारलात तेव्हा तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र पायरीवरून उचलत नव्हता. मी म्हणालो, "मला ग्रंथ पाहावे लागतील."

"पाहाजा. घाई नाई."

उकंडराव, मला उत्तर आठवड्याच्या आतच सापडले होते. आमच्या घरात आजोबांच्या हातची निघंटूची, म्हणजे वनस्पतींच्या कोशाची, एक पोथी आहे. तीत जांभळाचे भेद सांगितले आहेत. राजजांभूळ सांगितले आहे आणि त्याच ओळीत लहान पानाचे, लहान फळाचे, पाण्याकाठी उगवणारे जांभूळही सांगितले आहे. नाव निराळे, जात एकच. म्हणजे तुम्ही ठेवलेले पान खोटे नव्हते. सात वर्षांचे कलश खोटे नव्हते. शांतेचा मांडव खोटा नव्हता. तुम्ही फसविले नव्हते. फसविल्याची भीती मात्र तुम्ही वाहत होता. ती उतरविणे हे माझ्या एका वाक्याचे काम होते.

ते वाक्य मी उच्चारले नाही, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येत होते. पान जर जांभळाचे, तर झाडही जांभळाचे. आणि ओट्यावर सरपंचांपुढे मी जे बोललो ते अज्ञान होते, सत्यनिष्ठा नव्हे. ते झाड माझ्या अज्ञानाने तोडले गेले. हे मला तुम्हांला सांगावे लागले असते, आणि तुमच्यामागून गावाला. मी स्वतःची समजूत घातली की एका पोथीवर निर्णय देणे योग्य नव्हे. आणखी आधार पाहावा, काशीच्या एखाद्या पंडिताला लिहावे. मी कोणालाही लिहिले नाही.

तुम्ही मात्र विचारीत राहिलात. वर्षातून एकदा, चैत्रात, झुडपांना फूल आले की. "सापडलं का महाराज?"

"शोधतो आहे."

"शोधजा. घाई नाई."

शांतेची समजूत निराळीच होती. ती परत आली ती कोमेजून बसली नाही. दुसऱ्याच महिन्यात तिने मोगऱ्याच्या रांगा दुप्पट केल्या, आणि पुढे पवनारच्या थांब्यावरून एस.टी.ने फुले वर्ध्याला नेऊ लागली. तुमच्या प्रश्नाची तिला कल्पना होती. एकदा माझ्यासमोरच तिने तुम्हांला झिडकारले: "बाबा, पानानं कोनी बिघडते का? थो मानूसच तसा होता. लग्नाच्या आधीपासून तसाच होता, तुमी चौकशी केली नाई एवढंच. पानाच्या डोक्यावर काहाले घालता?" तुम्ही हसून मान डोलावलीत. पण मुलीच्या शब्दाने बापाचे ओझे उतरत नाही, हे मी तुमच्या चेहऱ्यावर पाहत होतो. तुम्हांला माझा शब्द हवा होता. आणि तो माझ्या पेटीत, पोथीतल्या खुणेच्या धाग्यापाशी, तयार पडलेला होता.

दरम्यान त्या झुडपाने आपल्यापुरता निर्णय घेतला. घाट बांधून दोन पावसाळे गेले तेव्हा खालून पाचव्या पायरीची सांध उकलली आणि तीतून तांबूस कोंब वर आले. मिस्त्री सांध भरावयास आला तर गावात बातमी: पाचव्या पायरीखाली नाग राहतो. उकंडरावांनी पाहिला. मिस्त्री घमेले घेऊन परत गेला. आठवड्याभरात तेथे हळदकुंकू पडले, दुधाची वाटी आली, आणि मुलांना त्या बाजूला पाण्यात उतरण्याची बंदी झाली.

मी तुम्हांला बाजूला घेऊन विचारले, "नाग खरोखर आहे?"

तुम्ही अत्यंत गंभीरपणे म्हणालात, "महाराज, हाये का नाई हे तुमाले मालूम नाई. अन् मालूम नाई थे तुमी बोलत नाई."

मी बोललो नाही. तुम्ही ओट्यावर गप्प राहिला होतात त्याची फेड म्हणून मी गप्प राहिलो, असे मी तेव्हा मानले. फेड अपुरी होती. तुमच्या मौनात तुमचे नुकसान होते; माझ्या मौनात माझे काहीच गेले नाही. कोंब मात्र वाढले. गेल्या चैत्रात त्यांना प्रथम फूल आले. तुम्ही मला ते दाखविण्यासाठी हाताला धरून पायऱ्या उतरविलेत. गुडघ्यांमुळे मला वेळ लागला. तुम्ही डहाळी वाकवून माझ्या नाकापाशी धरलीत. तेव्हा मला कळले की तीस वर्षे गाभाऱ्यात येणारा तो वास मोगऱ्याचा नव्हता. मी म्हणालो, "सुगंध आहे." तुम्ही वाट पाहिलीत. आणखी काही तरी मी बोलेन असे तुम्हांला वाटले असावे. मी म्हणालो, "चला, ऊन वाढते आहे."

यंदा माघात तुम्हांला वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आणले. मी भेटावयास आलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. तुमची बाज मोगऱ्याच्या कडेला, उन्हात टाकली होती. शांता सांबाराच्या जुड्या बांधीत होती. मी विष्णुसहस्रनाम म्हणून दाखविले. तुम्ही डोळे मिटून ऐकलेत. संपल्यावर डोळे न उघडताच म्हणालात, "सापडलं का महाराज?"

मी तेव्हा सांगू शकलो असतो. शांता चार हातांवर होती. दुसरे कोणी नव्हते. एका वाक्याचे काम होते. मी म्हणालो, "सापडत आले आहे."

तुम्ही हसलात. "असू द्या. वर इचारतीन त सांगीन, महाराज शोधून राह्यले." मग म्हणालात, "चांगलं पठन झालं आज. आवाज लागला तुमचा."

तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

तेरवीला गंगापूजनाचा कलश मांडावयाचा होता. तुमच्या अंगणात सगळे गाव होते. ते जुने सरपंचही होते, आता काठी टेकतात. शांतेने पळसाची पुडी माझ्यापुढे ठेवली. एक गाठ. मी उघडली. आंबा, कवठ, बेल, महाळुंग. आणि पाचवी, निमुळत्या पानांची, टोकाला हिरव्या कळ्यांचा घोस असलेली डहाळी. शांता माझ्यासमोर बसली होती. तिने आवाज खाली आणला नाही. तिला कोणापासून काही लपवायचे नव्हते.

"महाराज, पाचव्या पायरीतलं हाये. बाबा असते त त्याईनं हेच आनलं असतं. चालन का?"

मी डहाळी हातात घेतली. म्हणालो, "चालेल." ते पुरेसे नव्हते, हे मला कळत होते. म्हणून मी तिच्याकडे न पाहता सर्वांकडे पाहून म्हणालो, "आज चालेल आणि तेव्हाही चालत होते. शांताबाई, तुमच्या लग्नात होते ते जांभूळच होते. शास्त्रात आहे. उकंडरावांनी कलशात खोटे काहीही ठेवले नाही. मला हे आठ वर्षांपासून ठाऊक आहे."

मग सरपंचांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग महाराज, घाटाच्या वक्ताले झाड काऊन तोडू देल्लं?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही, एवढेच म्हणावयाचे सोडून मी 'हे ते नव्हे' म्हणालो."

"म्हंजे आमी देवाचं झाड तोडलं."

"मी तोडले," मी म्हणालो. "तुम्ही विचारले होते."

शांतेने पदराने डोळे पुसले, मग तांब्या माझ्याकडे सरकविला. "बाबाले सांगतलं असतं महाराज," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जणू भाजीत मीठ राहिले असे सांगावे, तसे ती म्हणाली. याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही, आणि ते शोधतो आहे असे मी यापुढे कोणालाही म्हणणार नाही.

नंतर मी हातात पाणी घेऊन संकल्प आरंभिला. जंबूद्वीपे हा शब्द आला तेव्हा माझी वाणी थांबली. मुंजीपासूनच्या पन्नास वर्षांत प्रथम. जमलेल्या लोकांना वाटले, म्हातारा विसरला. मी विसरलो नव्हतो. तुम्ही ओट्याखाली पाटी रिकामी करता करता बारक्याचे विचारले होते आणि मी तुम्हांला मोठ्याचे सांगितले होते. बारक्याला जागा आहे, उकंडराव. मी तो शब्द पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असा म्हटला, आणि तुमच्या पायरीवरची डहाळी कलशाच्या पाचव्या जागी ठेवली.